टांझानियातल्या गावच्या शाळेसाठी काही करायचंय? आधी हे वाचा, मग पैसे जमवा

दार-एस-सलाममधल्या मराठी मंडळींकडून आणि हल्ली पुण्या-मुंबईतूनही मला हा प्रश्न सारखा येतो, की आम्हाला इथल्या एखाद्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेसाठी काहीतरी करायचंय, कोणाला वडिलांच्या नावाने द्यायचं असतं, कोणाच्या ऑफिसात पैसे जमलेले असतात, कोणी रिटायर होऊन मोकळं झालेलं असतं, तर सुरुवात कुठून करायची. मी डोडोमाकडच्या, म्हणजे देशाच्या मधल्या कोरड्या भागातल्या काही शाळांबरोबर पाणी, संडास, खोल्या, बाकं अशी कामं करत आलेय, आणि प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं. हे सगळं टांझानियाच्या सरकारी प्राथमिक शाळांबद्दल आहे. केनिया, युगांडात खाती वेगळी, कायदे वेगळे, तिकडे हे जसंच्या तसं लावू नका.

थोडं मागचं सांगते, कारण ते माहीत नसेल तर पुढचं डोक्यात बसणार नाही. इथे प्राथमिक म्हणजे पहिली ते सातवी, नव्या धोरणाप्रमाणे ते हळूहळू सहावीपर्यंत येतंय, आणि माध्यम स्वाहिली. प्राथमिकची फी आधीच बंद होती, २०१६ पासून बाकीच्या सक्तीच्या वर्गण्याही बंद झाल्या, आणि शाळेत कधी न आलेली मुलं एकदम आली, ही फार चांगली गोष्ट झाली, पण खोल्या तेवढ्याच राहिल्या. वर्गात ४५ मुलं असावीत असा सरकारी नियम आहे, प्रत्यक्षात खेड्यात त्याच्या दुप्पट मुलं एका खोलीत दिसणं काही नवीन नाही. शाळेला दर मुलामागे वर्षाला १०,००० शिलिंग कॅपिटेशन ग्रँट ठरलेली आहे, म्हणजे आपले तीन-चारशे रुपये, त्यातलाही काही भाग पुस्तकांसाठी वरच राखून ठेवतात. उरलेल्यात खडू, पेपर, दुरुस्ती सगळं. आणि पालकांकडून सक्तीने वर्गणी घ्यायला बंदी आहे, त्यामुळे "शाळा पालकांकडून का नाही गोळा करत" हा प्रश्न हेडमास्तरांना विचारू नका, त्यांना ते करता येत नाही.

१. शाळा शोधायच्या आधी ऑफिस शोधा

मॅपवर गाव बघून थेट शाळेत जायचं, हेडमास्तरांना भेटायचं आणि तिथेच पैसे कबूल करायचे, हे अजिबात करू नका. तुमचा हेतू कितीही चांगला असला तरी त्यात हेडमास्तरच अडचणीत येतात. सरकारी प्राथमिक शाळा जिल्हा कौन्सिलच्या असतात आणि त्याच्यावर राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातलं टामिसेमी हे खातं. आपल्याकडे शाळेचं काम झेडपी, बीडीओ, ग्रामसेवक, सरपंच अशा साखळीतून जातं तशीच इथे साखळी आहे. जिल्ह्याचा एक्झिक्युटिव्ह डायरेक्टर, ज्याला सगळे म्कुरुगेंझी म्हणतात, त्याच्या हाताखाली प्राथमिक शाळांचा एज्युकेशन ऑफिसर, मग वॉर्डाचा म्तेंडाजी म्हणजे कार्यकारी अधिकारी, मग गावचा म्तेंडाजी, आणि गावाने निवडून दिलेला अध्यक्ष.

पत्र म्कुरुगेंझीच्या नावाने लिहायचं आणि त्याची कॉपी एज्युकेशन ऑफिसरला. पत्रात मोठमोठं काही लिहू नका. आम्ही कोण, किती रकमेपर्यंत मदत करू शकतो, कोणत्या प्रकारच्या कामात, आणि तुमच्या यादीतल्या सर्वात गरजू शाळा कोणत्या ते सांगा, एवढंच. स्वाहिलीत लिहिलंत तर काम लवकर पुढे सरकतं, इंग्रजी चालतं पण ते वाचून घेण्यात आठवडे जातात. एज्युकेशन ऑफिसरकडे प्रत्येक शाळेची मुलं किती, खोल्या किती, संडासाचे खड्डे किती याचा तक्ता असतो. तो मागून घ्या, त्यावरूनच तीन-चार शाळा डोळ्यासमोर येतात.

गावात गेलात की शाळेच्या आधी गावच्या ऑफिसात जायचं. प्रत्येक ऑफिसात टेबलावर पाहुण्यांची वही असते, त्यात नाव, कुठून आलात, कशासाठी आलात आणि सही. घाई असली तरी ही वही टाळू नका, उद्या कोणी विचारलं की हे परदेशी लोक कोण आले होते तर म्तेंडाजीकडे उत्तर असतं. वयाने मोठं कोणी भेटलं तर आधी शिकामो म्हणायचं, ते मराहाबा म्हणतील, मग बाकीचं बोलणं. दार-एस-सलामहून डोडोमाला २०२४ पासून विजेवरची नवी रेल्वे सुरू झालीय त्यामुळे तिथपर्यंत जाणं सोपं झालंय, खरा वेळ पुढच्या कच्च्या रस्त्यावर जातो.

२. पहिल्या भेटीत कबूल काही करू नका, बघा आणि विचारा

पहिल्या भेटीत तुमच्यासाठी मुलं गाणी म्हणतील, खुर्च्या मांडलेल्या असतील, जेवण असेल, आणि मन भरून येईल. त्या भरात आकडा तोंडातून काढू नका. ऐकलेला आकडा गाव विसरत नाही, आणि विसरू पण नये.

त्यापेक्षा फिरा. मुलींच्या संडासात स्वतः आत जाऊन दार लावून बघा. आतून कडी आहे का? बहुतेक वेळा नसते, आणि मग मुली तिघी-तिघी मिळून जातात, एकजण बाहेरून दार धरून उभी राहते. मोठ्या मधल्या सुट्टीत त्या दारापुढे किती रांग आहे ते बघा. पहिलीच्या मुलांना विचारा ते कुठे जातात, कारण अंधारी खोली आणि मोठं भोक यांची लहान मुलांना भीती वाटते आणि ती झुडपामागे जातात. पाणी कुठून येतं, कोण आणतं, किती वेळ लागतो. अनेक शाळांत मुलंच सकाळी पिवळा कॅन घेऊन येतात, आणि त्यात मुलीच जास्त असतात.

हेडमास्तर, ज्यांना इथे म्वालिमू म्कू म्हणतात, त्यांच्याशी बोलणं झालं की मुलींची काळजी बघणाऱ्या बाई असतात, त्यांना मॅट्रन म्हणतात, त्यांच्याशी वेगळं बोला. पाळीच्या दिवसांत मुली घरी राहतात का, बदलायला जागा आहे का, हे पुरुषांच्या घोळक्यात कोणी सांगणार नाही. तुमच्या बरोबर एक बाई असेल तर फार फरक पडतो.

अजून एक बघायचं म्हणजे अर्धवट भिंती. गावाने वर्गणी काढून, श्रमदानाने भिंती लिंटेलपर्यंत आणलेल्या असतात आणि पुढे पैसे संपलेले असतात, याला बोमा म्हणतात. असा बोमा शाळेत असेल तर नवीन पायाचा विचारच करू नका, तो पूर्ण करा. गावाने आपला वाटा आधीच दिलेला असतो, इंजिनिअरने भिंती तपासल्या की छप्पर, जमीन, दारं-खिडक्या एवढंच राहतं, आणि त्याच पैशात एकाऐवजी दोन खोल्या होतात. एक धोका मात्र सांगते, चार-पाच पावसाळे उघड्यावर उभ्या असलेल्या कच्च्या मातीच्या जोडाईच्या भिंती असतील तर त्याच्यावर छप्पर चढवू नका, इंजिनिअर नाही म्हणाला तर नाही.

३. काय आधी करायचं

याच्यावर माझं मत ठाम आहे. पाणी आणि संडास आधी, मग खोल्या आणि बाकं, आणि कॉम्प्युटर सगळ्यात शेवटी. देणाऱ्यांना खोली आवडते कारण तिच्यावर पाटी लागते, पण मुलगी शाळेत टिकते ती पाण्याने आणि कडीच्या दाराने.

पाण्याचं गणित

डोडोमा भागात पाऊस वर्षाला साधारण ५५० ते ६०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या सोलापूरएवढाच, आणि तो सगळा डिसेंबर ते एप्रिलमध्ये पडतो. पुढचे सहा-सात महिने कोरडे. आता समजा शाळेच्या एका इमारतीचं पत्र्याचं छप्पर २०० चौरस मीटर आहे. त्यावर ५७० मिमी पाऊस पडला आणि वाया जाणारं सोडून ८० टक्के पाणी पन्हाळीतून टाकीत आलं तर वर्षाला ९० हजार लिटरच्या आसपास होतं. ऐकायला खूप वाटतं. पण ५०० मुलांना पिणं, हात धुणं, सफाई धरून माणशी ५ लिटर धरलं तर दिवसाला अडीच हजार लिटर लागतं आणि ते सगळं पाणी ३६ दिवसांत संपतं. फक्त पिण्यासाठी माणशी १ लिटर धरलं तर १८० दिवस पुरतं, पण त्यासाठी ते साठवायला तेवढी टाकी पाहिजे ना. १०,००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी, जिला इथे सगळे सिमटँकच म्हणतात, ती पूर्ण भरली तरी फक्त पिण्यासाठी २० दिवस. म्हणून टाकी दिली की पाण्याचा प्रश्न मिटला असं समजू नका. टाकी हे पावसाळ्याचं आणि पिण्याचं पाणी, कोरड्या महिन्यांसाठी बोअर किंवा गावच्या नळाचं कनेक्शन लागतंच.

टाकी बसवताना ओटा पक्का करा, नळाखाली बादली बसेल एवढी उंची ठेवा, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडायला पाइप ठेवा, आणि नळाला कुलूप लागेल असा पिंजरा करा. पन्हाळ हा सगळ्यात कच्चा भाग आहे, पातळ पन्हाळ एका वादळात लोंबकळते आणि मग टाकी रिकामी उभी राहते.

बोअरसाठी आधी गावात पाणीपुरवठा योजना आहे का ते रुवासाकडे विचारा, ही ग्रामीण पाणीपुरवठ्याची सरकारी एजन्सी, २०१९ च्या कायद्याने झालेली. त्यांची पाइपलाइन जवळून जात असेल तर कनेक्शन घेणं बोअरपेक्षा किती तरी चांगलं, कारण दुरुस्ती त्यांची आणि गावच्या पाणी समितीची. नसेल तर भूजलाचा सर्व्हे करून घ्या, आपल्याकडे पाणाड्याच्या भरवशावर बोअर घेतात तसं इथे करू नका, त्या खोऱ्याच्या बेसिन वॉटर बोर्डाची परवानगी लागते आणि लायसन्सवाला ड्रिलरच लागतो. ड्रिलरच्या करारात दोन गोष्टी लिहून घ्या: कोरडं निघालं तर किती पैसे द्यायचे, आणि पंपिंग टेस्ट व पाण्याची तपासणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

पाण्याची तपासणी टाळू नका. अरुशा, किलिमांजारो, मन्यारा या उत्तरेकडच्या भागात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड खूप आहे, तिथल्या मुलांचे दात तपकिरी झालेले दिसतात, हाडंही वाकतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम आहे. तिथे बोअरपेक्षा पावसाच्या पाण्याची मोठी टाकी बरी. डोडोमाकडे पाणी मचूळ निघू शकतं, ते मुलं पीत नाहीत आणि लोखंडी पाइपही खातं.

हातपंप घेणार असाल तर जिल्ह्यात कोणत्या पंपाचे पार्ट मिळतात ते आधी विचारा आणि तोच घ्या. आफ्रिदेव पंप साधारण ४५ मीटर खोलीपर्यंत चालतो आणि गावातली माणसं शिकून तो स्वतः उघडू शकतात. इंडिया मार्क टू पण आफ्रिकेत भरपूर आहेत, आणि हे वाचून तुम्हालाही बरं वाटेल की तो पंप १९७० च्या दशकात सोलापूर पंपावरून तयार झाला, त्याच्याही आधी जालन्यात मिशनच्या लोकांनी तसा पंप केला होता. पण अभिमान बाजूला ठेवून बघा, खारट पाण्यात त्याचे लोखंडी पाइप गंजतात, तिथे स्टेनलेस किंवा दुसरा पंप.

संडासाचं गणित

टांझानियाच्या शाळांसाठीचा नियम आहे की २० मुलींमागे एक आणि २५ मुलग्यांमागे एक भोक. म्हणजे ५०० च्या शाळेत २६० मुली आणि २४० मुलगे असतील तर मुलींना १३ आणि मुलग्यांना १० लागतात, शिवाय मुलग्यांची मुतारी आणि शिक्षकांचे वेगळे. एवढं एकदम झेपत नसेल तर मुलींचं आधी पूर्ण करा.

व्हेंट पाइपवाला संडास करायचा असेल तर पाइप छपरापेक्षा निदान अर्धा मीटर वर, त्याच्या तोंडावर जाळी, आणि आतली खोली अंधारीच ठेवायची, कारण माश्या उजेडाकडे म्हणजे पाइपकडे जातात आणि जाळीत अडकतात. लहान मुलांसाठी मात्र एक-दोन भोकं छोटी करा आणि दार अर्धं ठेवा म्हणजे भीती वाटत नाही. खड्डा आतून बांधून घ्या नाहीतर पावसाळ्यात ढासळतो. विहिरीपासून ३० मीटर लांब. मैला उपसायचा टँकर त्या गावापर्यंत येतो का ते विचारा, येत नसेल तर दोन खड्डे करा, एक भरला की दुसरा वापरायचा. एका संडासाला रॅम्प, रुंद दार, धरायला दांडी. मुलींच्या बाजूला एक बदलायची खोली, आत पाणी, हुक, आणि पॅड जाळायची छोटी भट्टी. हात धुवायला नळ दाराबाहेरच, ५० मीटरवर नको. आणि साबण दर महिन्याला कोण आणणार हे त्याच मीटिंगमध्ये ठरवून घ्या.

४. गावसभा होऊ द्या

गावाची मोठी सभा असते, गावातले सगळे प्रौढ त्यात येतात. तुमचं काम त्या सभेत मांडलं जाऊन मिनिट्समध्ये आलं पाहिजे, गाव काय देणार तेही. साधारणपणे गाव वाळू, दगड, पाणी आणि पाया खोदणं देतं. हे ऐच्छिक असतं आणि कौन्सिलला माहीत असावं लागतं. मी तर म्हणेन की गावाचा वाटा लहान असला तरी घ्याच, कारण ज्याने दगड वाहिलाय तो दार मोडताना बघून गप्प बसत नाही. फक्त पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत हे मागू नका. डिसेंबर-जानेवारी पेरणी, मे-जून कापणी, म्हणजे श्रमदानाला जुलै ते ऑक्टोबर बरे. सभेनंतर शाळा, कौन्सिल आणि तुमच्यात दोन-तीन पानांचा करार करा, त्यात इमारत शाळेची राहील, दुरुस्ती कोण करणार, हिशोब कोणाला दाखवणार, एवढं स्पष्ट असू द्या.

५. पैसे कसे पाठवायचे

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

भारतातून वैयक्तिक पैसे पाठवायचे तर लिबरलाइज्ड रेमिटन्स स्कीमखाली बँकेतून जातात, एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मर्यादा, पॅन आणि ए-टू फॉर्म लागतो, फॉर्ममध्ये कारण देणगी असंच खरं लिहा. ठराविक रकमेच्या वर टीसीएस, म्हणजे बँक आधीच घेते तो कर, कापला जातो, तो रिटर्नमध्ये जमा दाखवता येतो. परदेशातल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जी ची सूट मिळत नाही.

कंपनीच्या सीएसआरचे पैसे? नाही चालत. भारताबाहेर केलेलं काम सीएसआरमध्ये धरलं जात नाही, हे नियमातच लिहिलेलं आहे. आणि भारतातल्या आपल्या ट्रस्टमधून इकडे खर्च करायचा विचार असेल तर आधी सीएकडे जा, भारताबाहेर वापरलेल्या उत्पन्नावर ट्रस्टची करमाफी सहसा मिळत नाही. रोटरीत असाल तर ग्लोबल ग्रँट हा चांगला रस्ता आहे, पण त्यात दोन्ही देशांतले क्लब लागतात आणि प्रकल्प कमीत कमी ३०,००० डॉलरचा असावा लागतो, म्हणजे एका खोलीसाठी नाही, पाणी-संडास मिळून तीन-चार शाळा घेत असाल तर.

इथे आल्यावर पैसे कोणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा मोबाइल मनीवर टाकू नका, हेडमास्तर कितीही प्रामाणिक असोत, त्यांच्यावरच संशय येतो. एकतर शाळेच्या बँक खात्यात कौन्सिलच्या माहितीने, नाहीतर इथे रजिस्टर असलेल्या संस्थेमार्फत. स्वतः संस्था काढायची असेल तर २००२ च्या एनजीओ कायद्याखाली नोंदणी लागते, पहिल्या कामासाठी तो खटाटोप नको, आधीपासून काम करणारी संस्था जोडीला घ्या.

प्रत्येक खरेदीला ईएफडी पावती मागा, म्हणजे सरकारी मशीनमधून निघालेली, क्यूआर कोड असलेली. मेनलँडवर, म्हणजे झांझिबार सोडून, व्हॅट १८ टक्के आहे, दुकानदार विचारेल पावतीशिवाय स्वस्तात देऊ का. नको म्हणायचं, तुमच्या मागे पैसे देणारी माणसं आहेत आणि त्यांना कागद दाखवायचाय.

६. बांधकाम

इथे सरकार शाळांची कामं बऱ्याचदा फोर्स अकाउंट पद्धतीने करतं, म्हणजे मोठा कॉन्ट्रॅक्टर न नेमता शाळेने माल विकत घ्यायचा आणि गावातल्या फुंडीला म्हणजे मिस्त्रीला मजुरी द्यायची. त्यासाठी तीन वेगळ्या समित्या असतात, एक खरेदीची, एक आलेला माल मोजून घेणारी, एक बांधकामाची. ही पद्धत वापरा. खरेदी करणारा आणि मोजून घेणारा वेगळा असला की सिमेंटच्या गोण्या बरोबर पोचतात. डिझाइन आणि बीओक्यू, म्हणजे कोणतं काम आणि माल किती लागेल याचा तक्ता, कौन्सिलच्या इंजिनिअरकडून घ्या, टामिसेमीचे ठरलेले नकाशे असतात, पुण्याच्या आर्किटेक्ट मित्राने काढलेला सुंदर नकाशा मंजूर करून घेण्यात वर्ष जाईल.

हप्ते असे ठेवा: पाया, लिंटेल, छप्पर, फिनिशिंग. पुढचा हप्ता मागचं काम इंजिनिअरने बघून सही केल्यावर.

बारीक गोष्टी ज्या बीओक्यूत निसटतात त्या सांगते. पत्रा ३० गेजचा स्वस्त असतो पण २८ गेज घ्या, नंबर कमी तितका पत्रा जाड. लाकूड ट्रीट केलेलंच, वाळवी इथे दोन वर्षांत वासा पोकळ करते. कैची भिंतीला लोखंडी पट्टीने बांधलेली पाहिजे, नाहीतर वाऱ्याने अख्खं छप्पर उडतं. जमिनीत कंजूषी करू नका, पातळ कोबा पहिल्या वर्षीच उखडतो, मग धूळ होते आणि त्या धुळीत जिगर नावाची पिसू वाढते जी अनवाणी मुलांच्या पायात शिरते आणि पाय सडवते. सिलिंग नसेल तर पावसात पत्र्याचा इतका आवाज होतो की बाई शिकवणंच थांबवतात आणि मुलं गप्प बसून राहतात, त्यामुळे बजेटमध्ये सिलिंग बोर्ड बसत असेल तर बसवा, रंगापेक्षा ते महत्त्वाचं. फळा म्हणजे भिंतीवर गुळगुळीत प्लास्टर आणि काळा रंग, दर वर्षी एक हात मारायला एक डबा रंग शाळेत ठेवून या.

बाकं दार-एस-सलामहून ट्रकने नेऊ नका. जिल्ह्याच्या गावात वेल्डिंगवाले आणि सुतार असतात, तीन मुलांचं एक बाक, ४५ च्या वर्गाला १५, एक नमुना करून घ्या, त्यावर तीन मोठी मुलं बसवून बघा, मग बाकीची ऑर्डर. ज्याने केलं तोच पुढे दुरुस्त करतो.

काम जुलैमध्ये, कापणी झाल्यावर सुरू, नोव्हेंबरच्या आत संपवायचं. डिसेंबरमध्ये पाऊस येतो, आणि नवीन शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं.

७. काय पाठवू नका

जुने कपडे, जुनी मराठी-इंग्रजी पुस्तकं, बंद पडायला आलेले कॉम्प्युटर भरून कंटेनर पाठवू नका. देणगीचा माल असला तरी कस्टमची माफी आपोआप मिळत नाही, अर्ज करावा लागतो, आणि तोपर्यंत बंदरात भाडं चढत राहतं. कपडे इथल्या बाजारात भरपूर आहेत. पुस्तकं स्वाहिलीतली आणि इथल्या अभ्यासक्रमाची लागतात, ती इथेच छापली जातात, इथूनच घ्या.

८. भारतातून माणसं येणार असतील तर

बिनपगारी असलं तरी स्वयंसेवी काम टुरिस्ट व्हिसावर करता येत नाही. शाळा बघायला, उद्घाटनाला येणं वेगळं, आणि महिनाभर राहून शिकवणं किंवा बांधणं वेगळं, त्यासाठी सी क्लासचा रेसिडेन्स परमिट असतो आणि तो जोडीदार संस्थेमार्फत आधीच काढायचा. नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे येत असाल तर पिवळ्या तापाची लस निघण्याच्या निदान १० दिवस आधी घ्या आणि पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा, ते आता आयुष्यभर चालतं. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून.

मुलांचे फोटो पालकांच्या आणि शाळेच्या परवानगीशिवाय काढू नका, टाकू तर अजिबात नका. २०२२ चा पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदा इथे लागू आहे. आणि कायदा बाजूला ठेवा, आपलं मूल फाटक्या कपड्यात, नाक वाहताना कोणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरलं तर आपल्याला चालेल का. इमारतीचे, नळाचे, बाकांचे फोटो घ्या, देणगीदाराला ते पुरतात.

९. उद्घाटनानंतरची दोन वर्षं

एकूण रकमेतले निदान १० टक्के सुरुवातीलाच बाजूला काढा आणि देणगीदारांना पण तसं आधीच सांगा. पंपाचे रबर वॉशर, नळाच्या तोट्या, कड्या, संडासाची सफाई, याला लागणारे पैसे मागायला कोणी तुमच्याकडे येत नाही, संकोच वाटतो त्यांना, आणि मग एका साध्या वॉशरपायी बोअर बंद पडतो. गावातल्या दोघांना पंप उघडायला शिकवा, त्यातली एक बाई असू द्या, ती गाव सोडून कामाला जाण्याची शक्यता कमी. पान्यांचा सेट शाळेत, किल्ली कोणाकडे ते भिंतीवर लिहून. हेडमास्तरांची बदली होते, त्यामुळे फोन नंबर शाळा समितीच्या अध्यक्षांचाही घ्या. दर टर्मला एक फोन आणि वर्षातून एक भेट, न सांगता नाही, सांगूनच, पण जाऊन परत तोच संडासाचा दरवाजा लावून बघा.

१०. लागणारे कागद

सगळे एका फाइलमध्ये, आणि एक सेट शाळेत:

- म्कुरुगेंझीला दिलेलं पत्र आणि त्यांचं लेखी उत्तर
- गावसभेचे मिनिट्स, सही-शिक्क्यासह
- शाळा, कौन्सिल आणि तुमच्यातला करार, स्वाहिली आणि इंग्रजी दोन्ही
- इंजिनिअरने सही केलेला नकाशा आणि बीओक्यू
- बोअर असेल तर सर्व्हे, बेसिन बोर्डाची परवानगी, पंपिंग टेस्ट, पाणी तपासणीचा रिपोर्ट
- जोडीदार संस्थेचं रजिस्ट्रेशन
- बँकेचे रेमिटन्सचे कागद, ए-टू फॉर्मची कॉपी
- ईएफडी पावत्या, माल मोजून घेतल्याच्या नोंदी, फुंडीच्या मजुरीच्या सह्या
- प्रत्येक हप्त्याआधीचं इंजिनिअरचं पत्र
- काम शाळेला सोपवल्याचं पत्र

पावत्यांची शाई वर्षभरात उडते, त्यामुळे घेतल्या त्याच दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि मागे पेनाने कशाची ते लिहा.